दर्याची खबर कोळ्याच्या दारीं

ज्याचें पोट ज्या पाण्यावर चालतें, त्याला त्या पाण्याची खबर सर्वांच्या आधीं मिळाली पाहिजे. गोष्ट साधी आहे. परंतु आमच्या देशांत साध्या गोष्टी गरिबाच्या दारीं सर्वांत शेवटीं पोंचतात. शेतकऱ्याच्या कांद्याचा भाव त्याच्या आधीं अडत्याला कळतो, विणकराच्या लुगड्याची मागणी त्याच्या आधीं पेढीवाल्याला कळते, आणि कोळ्याच्या दर्यांतलें तुफान त्याच्या आधीं शहरांतल्या कचेरींत बसलेल्या माणसाला कळतें. पहिल्या दोन ठिकाणीं पैसा जातो. तिसऱ्या ठिकाणीं घरचा कर्ता जातो. म्हणून आज आम्ही रेवस बंदराच्या निमित्तानें या तिसऱ्या गोष्टीविषयीं चार शब्द लिहिणार आहों.

रेवस हें अलिबाग तालुक्याच्या उत्तर टोंकाचें, धरमतर खाडीच्या मुखावरचें बंदर. समोर करंजा, पलीकडे मुंबई. या बंदराला एक दिवस कधींही विसरतां येणार नाहीं. १७ जुलै १९४७ रोजीं सकाळीं ‘रामदास’ ही बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला यावयास निघाली. आषाढाची अमावास्या तोंडावर आली होती. कष्टकरी माणसें सणाला गांवीं निघालीं होतीं. वाटेंत वारा-पाऊस अंगावर आला, लाटा चढल्या, भ्यालेले उतारू एका बाजूला सरले आणि काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतें. बोट सकाळीं बुडाली, आणि दुपार उलटेपर्यंत मुंबईला त्याचा पत्ता नव्हता. जे वांचले त्यांतल्या कित्येकांना रेवसहून मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनीं आपल्या होड्यांत ओढून घेतलें. म्हणजे त्या दिवशीं सर्वांत आधीं मदत आली ती कोळ्याच्या हातून. पण तो दैवयोगानें वाटेवर होता म्हणून आली. बंदर दैवयोगावर चालवूं नये, हाच रामदासचा धडा होय.

हा धडा तेव्हांही नवा नव्हता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी याच किनाऱ्यावर एकाच दिवशीं बुडाल्या होत्या. पुढें ११ नोव्हेंबर २००९ रोजीं ‘फयान’ वादळ अलिबाग व मुंबई यांच्यामध्यें किनाऱ्याला लागलें आणि कोंकणांतले अनेक दर्यावर्दी घरीं परतले नाहींत. दोन्ही वेळां तारीख तीच आली हा योगायोग. परंतु महिना तोच आला हा योगायोग नव्हे. अरबी समुद्रांत मोठीं वादळें भर पावसाळ्यांत फारशीं उठत नाहींत. तीं पावसाच्या तोंडावर मे-जूनमध्यें, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत उठतात. ‘तौक्ते’ मे महिन्यांतलें, ‘निसर्ग’ जूनमधलें, ‘फयान’ नोव्हेंबरमधलें, आणि केरळ-तामिळनाडूच्या कोळ्यांचा घास घेणारें २०१७ सालचें ‘ओखी’ नोव्हेंबर-डिसेंबरमधलें. नारळी पौर्णिमा झाली, आतां दर्या शांत झाला, असें मानून जो निर्धास्त होतो त्याला याच महिन्यांत दगा होतो.

आतां कोणी म्हणेल, त्या वेळीं विद्या नव्हती, यंत्रें नव्हतीं. हें अर्धेंच खरें आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालापासून आहे. अपोलो बंदरावर भरती-ओहोटीचें पाणी यंत्रानें मोजून टिपण्याचें काम १८७८ सालापासून चाललें आहे. हिंदुस्थानचें हवामान खातें १८७५ सालचें. म्हणजे रामदास बुडाली तेव्हां त्याच पाण्याच्या कांठीं आकाश आणि समुद्र मोजण्याचें काम कित्येक पिढ्या चालू होतें. मोजणारे मोजत होते, बुडणारे बुडत होते, आणि दोघांच्या मधला पूल कोणीं बांधला नव्हता. विद्या असून ती कष्टकऱ्याच्या हातीं नसणें, हा आमच्या समाजाचा जुना रोग. समुद्रावरही तो रोग तसाच दिसतो.

आज तर ज्ञानाची मुळींच वाण नाहीं. हैदराबादेस ‘इन्कॉइस’ नांवाचें भारत सरकारचें समुद्रविषयक माहिती देणारें केंद्र १९९९ सालीं निघालें. तें रोज लाटेची उंची, वाऱ्याची दिशा व जोर, पाण्याची ओढ यांचा अंदाज काढतें. रत्नागिरीसारख्या ठिकाणीं समुद्रांत नांगरून ठेवलेले बोये लाटेबरोबर वरखालीं होतात आणि ती हालचाल यंत्रानें टिपून किनाऱ्यावर पाठवितात. आकाशांतले उपग्रह पाण्याची ऊब आणि पाण्याचा हिरवेपणा पाहतात. जेथें गार व हिरवें पाणी एकत्र येतें तेथें मासळीला खाद्य असतें, म्हणून मासळी कोठें मिळण्याचा संभव आहे हेंही हें केंद्र सांगतें. ढग दाटले कीं हा डोळा झांकतो, हेंही कोळ्यांनीं लक्षांत ठेवावें. लहान होड्यांसाठीं, म्हणजे सात मीटरपर्यंत रुंदी असलेल्या नौकांसाठीं, कोणत्या पाण्यांत होडी उलटण्याचा धोका आहे याचा इशाराही तें दहा दिवस आधीपासून देतें. अमेरिकेंत मोठमोठीं गोड्या पाण्याचीं सरोवरें आहेत. तेथें सरकार, विद्यापीठें आणि कांठचीं गांवें मिळून पाण्यांत बोये ठेवतात, आणि सुटीच्या दिवशीं गळ टाकावयास निघालेला हौशी माणूस घरून निघण्यापूर्वीं त्या बोयाला फोनवरून लाटेची उंची विचारतो. तेथें ही हौसेची सोय आहे. आमच्या रेवसच्या डोळकराला ती पोटासाठीं हवी, आणि ती त्याला हौशी माणसाहून कमी मिळावी हें कोणत्या न्यायानें?

मग अडतें कोठें? एक तर फोनची पोंच किनाऱ्यापासून फार तर दहा-बारा किलोमीटर. त्यापलीकडे गेलेल्या माणसाला ‘ओखी’ची बातमी मिळाली नाहीं, आणि दोन राज्यांत हाहाकार झाला. त्यानंतर सरकारला जाग आली. २०१९ सालीं उपग्रहावरून इशारा पकडणारी ‘जेमिनी’ नांवाची पेटी निघाली. परंतु तींत ऐकूं येई, बोलतां येत नसे. पुढें ३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें एक लाख बोटींवर दुतर्फा बोलणारीं यंत्रें बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला. योजना चांगली आहे. पण योजनेचा नारळ फुटणें आणि शेवटच्या होडीवर यंत्र लागणें, या दोहोंमधलें अंतर आमच्या वाचकांना ठाऊक आहे.

दुसरी अडचण याहून खोल आहे. हैदराबादचा आकडा मोकळ्या समुद्राचा असतो. रेवसचा कोळी बाहेर पडतो तो खाडीच्या मुखांतून. ओहोटीचें पाणी खाडींतून जोरानें बाहेर निघालें आणि समोरून वारा व लाट आली, कीं मुखावर लाट आखूड होते आणि उभी राहते. बाहेर जी लाट होडीला झुलवील तीच मुखावर होडी पालथी करील. ही गोष्ट तांडेलाला ठाऊक आहे, यंत्राला ठाऊक नाहीं. भरतीला निघावें कीं ओहोटीला, कोणत्या वाऱ्यांत मुखाची कोणती बाजू धरावी, खडक कोठें पाण्याखालीं दडतो, हें ज्ञान पुस्तकांत नाहीं; तें बापाच्या हातून लेकाच्या हातीं आलेलें आहे.

या ज्ञानाला अडाणीपणा म्हणून हंसणारे शहाणे आम्ही पाहिले आहेत. त्यांना आमचें एकच सांगणें आहे. आमचा कोळी तिथीच्या आंकड्याची पाऊणपट करतो आणि भरतीची ढोबळ वेळ सांगतो: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आंतबाहेर. चंद्र रोज सुमारें पाऊण तास मागें पडतो, आणि त्याच्यामागें भरती मागें पडते. यांत अडाणीपणा कोठें आहे? उधाणाला पाण्याची ओढ मोठी म्हणून डोल जाळीं भरतात, भांगाला ओढ मंदावते म्हणून तीं रिकामीं येतात, हेंही त्याचें रोजचें गणित आहे. हें शास्त्रच आहे. फक्त तें इंग्रजींत लिहिलेलें नाहीं, म्हणून त्याला मान नाहीं. पण दुसऱ्या बाजूनें हेंही आम्ही स्पष्ट सांगतों कीं, तिथीवरून भरती कळते, वादळ कळत नाहीं. शेंकडों कोसांवर फिरणारा वारा आजोबाला दिसत नव्हता. तो उपग्रहाला दिसतो. म्हणून दोन्ही ज्ञानें एकत्र बसलीं पाहिजेत. एकानें दुसऱ्याला शिकवावें असें नव्हे; दोघांनीं एकमेकांना विचारावें.

हें स्वप्न नव्हे. असें घडलेलें आहे. पुदुच्चेरीजवळ वीरमपट्टिणम नांवाचें कोळ्यांचें गांव आहे. १९९८ च्या सुमारास डॉ. स्वामिनाथन यांच्या संस्थेनें त्या भागांत गांवोगांवीं माहितीचीं केंद्रें काढलीं. कारभार गांवच्या माणसांच्या हातीं होता. अमेरिकेच्या आरमारानें संगणकाच्या जाळ्यावर ठेवलेले लाटांचे अंदाज तेथें उतरवून घेत, तामिळींत करीत, आणि कर्ण्यावरून साऱ्या कोळीवाड्याला ऐकवीत. परक्या आरमाराची खबर चुलीपाशीं बसलेल्या बाईच्या कानीं पडूं लागली! पुढें २६ डिसेंबर २००४ रोजीं सुनामी आली तेव्हां त्याच भागांतल्या नल्लवाडु गांवीं सिंगापुरास असलेल्या एका मुलाचा फोन आला. गांवकऱ्यांनीं माहिती केंद्राचें दार फोडलें, कर्णा सुरू केला आणि गांव मोकळें केलें. साडेतीन हजारांवर वस्ती वांचली. फोन हजारों घरांत होते. पण येथें कर्णा आधींच गांवाचा होता, त्याच्यावर लोकांचा विश्वास आधींच बसलेला होता, म्हणून तो आवाज ऐकतांच माणसें उठलीं. तसेंच रामेश्वराजवळ पांबन येथें १५ ऑगस्ट २०१६ पासून ‘कडल ओसई’ हें कोळ्यांचें स्वतःचें नभोवाणी केंद्र चालतें. दर्याची खबर कोळ्याच्याच बोलींत, कोळ्याच्याच तोंडून येते. तामिळ कोळ्यानें जें केलें तें कोंकणच्या कोळ्याला अशक्य आहे काय?

येथें आम्हांला एका कठीण प्रश्नाला हात घातला पाहिजे. खबर मिळाली म्हणजे माणूस थांबतोच असें नाहीं. १७ मे २०२१ रोजीं ‘तौक्ते’ वादळांत मुंबईच्या समुद्रांत पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसें होतीं, वांचलीं तीं १८६. हवामान खात्याचा इशारा त्यापूर्वींच निघालेला होता. इशारा होता, पण मजुराला परत येण्याचा हुकूम देणें मजुराच्या हातीं नव्हतें. २६ जुलै २०२५ रोजीं करंजाची एक मासेमारी बोट खांदेरीजवळ बुडाली. आठ जणांपैकीं पांच कित्येक तास पोहून किनाऱ्याला लागले, तिघे गेले. ते दिवस मासेमारी-बंदीचे होते. त्या बोटीविषयीं आम्ही निवाडा देत नाहीं. परंतु एकंदरींत सांगतों कीं, जो माणूस वाईट पाण्यांत होडी लोटतो त्याला धाडसी किंवा मूर्ख म्हणण्यापूर्वीं त्याच्या चुलीकडे पाहावें. डिझेल उधार घेतलेलें, बर्फ उधार, जाळें गहाण, आणि मासळी ज्याला घालावयाची त्याचीच उचल अंगावर. असा माणूस इशारा ऐकतो, मान हलवितो आणि निघतो. खबरेनें जीव वांचावयाचा असेल तर खबर ऐकून घरीं बसणाऱ्याच्या घरीं त्या दिवशीं भाकर असली पाहिजे. हें ज्या योजनेंत नाहीं ती योजना अर्धी आहे.

आणि ही खबर एकट्या कोळ्याचीच आहे असें आमच्या शेतकरी वाचकांनीं समजूं नये. खारेपाटांतल्या आगरी बांधवाला विचारा. उधाणाचें पाणी आणि मुसळधार पाऊस एका वेळीं आले म्हणजे खारबंदिस्तीचा बांध फुटतो, खारें पाणी भातांत शिरतें आणि जमीन पुढचीं कित्येक वर्षें नासते. उधाण केव्हां आणि त्या दिवशीं पाऊस किती, हें दोन दिवस आधीं कळलें तर गांव मिळून बांधावर माती टाकतां येते, उघाडीचीं दारें पाहतां येतात. बोंबील वाळत घालणाऱ्या बाईला अवेळीं पावसाची खबर मिळाली तर माल उचलतां येतो. नाहीं तर आठवड्याचे कष्ट एका सरीनें कुजतात. होडी बांधणारा सुतार, धक्क्यावरचा हमाल, लाँचीनें मुंबईस भाजी नेणारी बाई, कामाला जाणारा तरुण, सर्वांचा दिवस याच वाऱ्यावर ठरतो. ज्या मुलखांत १९३३ पासून सहा वर्षें चरीच्या शेतकऱ्यांनीं एकजुटीनें संप चालविला, त्या मुलखाला एक फळा आणि एक कर्णा एकजुटीनें चालवितां येणार नाहीं, असें आम्हांस वाटत नाहीं.

तर करावें काय? आमची सूचना थोडक्यांत अशी. रेवस, बोडणी, मांडवा, करंजा अशा प्रत्येक बंदरावर मच्छीमार सहकारी संस्था, ग्रामपंचायत आणि लाँचवाले यांनीं मिळून एक बंदर-समिती करावी. धक्क्यावर एक मोठा फळा लावावा. त्यावर रोज पहांटे पांच ओळी लिहाव्या: भरती-ओहोटीची वेळ; वाऱ्याची दिशा व जोर; लाटेची उंची; पावसाचा व वादळाचा इशारा; आणि पांचवी ओळ, काल परत आलेल्या तांडेलानें खाडीच्या मुखावर प्रत्यक्ष काय पाहिलें. पहिल्या चार ओळी हैदराबाद आणि मुंबई देईल. पांचवी रेवस देईल. ही पांचवी ओळच या साऱ्या कामाचा प्राण आहे. ती एका वहींत टिपून दर आठवड्याला वरच्या खात्यांना धाडावी. वर्ष सरेल तेव्हां कोणत्या वाऱ्यांत, कोणत्या पाण्याला वरचा अंदाज आमच्या मुखावर चुकतो हें लेखी पुराव्यानें सांगतां येईल. मग शास्त्रज्ञालाही रेवसला येऊन विचारावें लागेल.

फळा लिहिण्याचें आणि कर्ण्यावर वाचण्याचें काम कोळीवाड्यांतल्याच एखाद्या शिकलेल्या मुलीला द्यावें, आणि फुकट देऊं नये. दर बोटीमागें थोडी वर्गणी काढून तिचा पगार करावा. फुकटचें काम चार दिवस चालतें. इशारा चुकला तर दुसऱ्या दिवशीं त्याच फळ्यावर ‘काल इशारा चुकला’ असें लिहावें, लपवूं नये. विश्वास बसतो तो खरेपणानें. त्याच वहींत ‘गेले किती, आले किती’ याचीही नोंद ठेवावी. बोट सकाळीं बुडावी आणि संध्याकाळीं कळावें, असें पुन्हां होऊं नये. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक फळ्याच्या माथ्यावर रंगानें लिहून ठेवावा, आणि पोरासोरांना पाठ करवावा.

सरकारकडे आमचें मागणें तीन गोष्टींचें आहे. खाडीच्या मुखावर लाट मोजणारा बोया ठेवावा आणि त्याचा आकडा थेट बंदरावर यावा. यंत्रें वांटतांना मोठ्या ट्रॉलरपासून सुरुवात करून लहान होडीपाशीं पैसा संपला, असें होऊं नये. यंत्र ज्याच्याजवळ कांहींच नाहीं त्याला आधीं मिळावें. आणि ज्या दिवशीं सरकारी इशाऱ्यानें बंदर बंद राहील त्या दिवसाची मजुरी खलाशाला मिळावी. दुष्काळांत शेतकऱ्याला जसा आधार, तसा बंद दर्याच्या दिवशीं कोळ्याला आधार. ही भीक नव्हे; माणूस बुडाल्यावर वारसाला पैसे देण्यापेक्षां तो बुडूं नये म्हणून देणें स्वस्त आणि माणुसकीचें आहे. २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ याच रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें तेव्हां इशारा आधीं आला, होड्या वर ओढल्या गेल्या, माणसें पक्क्या जागीं हलविलीं गेलीं. घरें-बागांचा नाश झाला, परंतु त्या मानानें प्राणहानी थोडी झाली. वेळेवर पोंचलेल्या आणि पाळतां आलेल्या खबरेची किंमत ती हीच.

कोळी बंधुभगिनींनो, दर्याला नारळ खुशाल वाहा. ज्याच्या जिवावर जगतों त्याचा मान राखणें हा तुमचा थोरपणा आहे. पण होडी लोटण्याचा मुहूर्त पंचांग उघडून बसलेल्या माणसाला विचारूं नका. तो धक्क्यावरच्या फळ्याला विचारा, आणि त्या फळ्यावर आपली ओळ स्वतःच्या हातानें लिहावयास शिका. तुमच्या बापजाद्यांनीं वहीशिवाय जी विद्या जपली ती आतां वहींत आली पाहिजे, नाहीं तर दुसरा कोणी ती आपल्या नांवावर लिहून घेईल. हें काम सरकार येईल तेव्हां करूं असें म्हणूं नका. फळ्याला लांकूड लागतें, तें गांवचा सुतार देईल; खडू लागतो, तो शाळा देईल; आणि खरें बोलणारा तांडेल लागतो, तो रेवसला आधींपासूनच आहे. यंदाची नारळी पौर्णिमा येण्यापूर्वीं निदान एका बंदरावर असा फळा लागलेला पाहावा, एवढी आमची इच्छा आहे.